सोडण्याचे कारण

दाखल्याच्या छापील फॉर्मात रकाना नववा,
बोटभर रुंद:
महाविद्यालय सोडण्याचे कारण.
बावीस वर्षं मी त्यात एकच लिहीत आलोय,
"पुढील शिक्षणासाठी".
असं लिहिलं की पुढं कुणाचं अडत नाही,
हे मला मैंदर्गी साहेबांनी शिकवलं,
रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी, चहा बशीत ओतत.

यंदा समिती येणार.
प्राचार्यांनी विचारलं, "आपली गळती किती?"
मी म्हणालो, "कुठल्या मजल्यावरची?"
सोलापुरात पाणी चार दिवसाआड,
माझ्या डोक्यात आधी टाकीच आली.
ते हसले नाहीत.

मग रजिस्टर काढलं.
बी.कॉम. भाग एक, तुकडी ब: एकशे अठरा.
भाग तीनच्या हॉल तिकिटाला आले
एक्कावन्न.
वजाबाकी मला येते.
पण वजा झालेली माणसं
सात रस्त्याला, बँकेत, लग्नात
भेटतात की हो मला.

क्रमांक चौदा, नरसप्पा बोद्दूल.
दिवाळीनंतर गेला आयटीआयला, वायरमन.
परवा आमच्याच स्टाफरूमचा पंखा बसवला
आणि खाली उतरून म्हणाला, "सर, वायरिंग लई जुनं हाय बे तुमचं."
मग जीभ चावली.
आमच्या वहीत गळाला.
त्यांच्या वहीत पास.

क्रमांक एकतीस, अफसाना शेतसंदी.
लग्न झालं, नाव कमी केलं, लाल शाईनं, मीच.
मुक्त विद्यापीठातून रविवारच्या रविवार,
दोन लेकरं सासूच्या ओटीत टाकून,
तीन वर्षांचं सहा वर्षांत केलं.
पेढे मात्र घेऊन आली ती आमच्याच खिडकीवर.
कोणत्या रकान्यात धरू हे पेढे?

क्रमांक बेचाळीस, विश्वजित ढेपे.
कॅप राउंडला नंबर लागला, ऑगस्टातच गेला
शहराबाहेरच्या इंजिनिअरिंगला. काचेची इमारत, दारात कारंजं.
बापानं प्लॉट विकला.
सातवं वर्ष चालूय, एम-थ्री निघत नाही,
फी मात्र वेळेवर निघते.
तिथं गळती शून्य टक्के,
माहितीपुस्तकात जाड अक्षरांत छापलंय.

आणि क्रमांक साठ.

पद्मा गुंडेटी दाखला न्यायला आलीच नाही.
तिची बारावीची मूळ गुणपत्रिका
माझ्या कपाटात, तिसऱ्या खणात, खाकी पाकिटात.
अकौंट्समध्ये एक्याण्णव.
शिष्यवृत्ती जात पडताळणीत अडकली,
बाकी राहिली दोन हजार तीनशे.
मी म्हणालो होतो, "आधी बाकी भर, मग कागद."
नियमच होता तो.
ती "बरं सर" म्हणाली.
खिडकीच्या गजाला धरलेला हात
आधी सुटला, मग ती गेली.

रविवारी पाकीट पिशवीत घालून
विडी घरकुलात गेलो.
पत्ता अर्धवट, ऊन पुरं.
एका दारात बाई विड्या वळत होती.
"पद्मा? कुठली पद्मा वो सर?
ह्या गल्लीत तिघी हायत."
कॉलेजला जाणारी, म्हणालो.

बाईनं पानावर कातर फिरवली,
तंबाखू भरली, दोरा गुंडाळला.
"तिघी बी जात होत्या की."

मी तिथंच उभा.
ती बोलायची थांबली, हात नाही.
सुपात सहा विड्या वाढल्या तेवढ्यात.
आतून पोरीच्या खोकल्याचा आवाज आला,
मग टीव्हीचा.

सोमवारी तक्ता टाइप करून दिला:
शेकडा छप्पन्न पूर्णांक अठ्ठ्याहत्तर.
प्राचार्य म्हणाले, "कारणं?"
म्हणालो, "घरगुती."
सही झाली. शिक्का मारला.

पाकीट अजून पिशवीत आहे.
डब्याखाली.
त्यावर तेलाचा डाग पडलाय, शेंगाचटणीचा,
नेमका एक्याण्णववर नाही,
जरा बाजूला.